नळीत काय आहे

"दुसऱ्यांना डोळे विकतो आणि स्वतःला नळीत काय आहे ते दिसत नाही," भाऊजी पुटपुटले.

पुटपुटले ते फळीच्या भिंतीपलीकडे, पण ती भिंत जेमतेम बिस्किटाएवढी जाड. अलीकडे माझी शिलाईची खोली, पलीकडे ताईचा नेमबाजीचा हॉल. एअर रायफलींची टपटप, ताईचं "खांदा सैल, श्वास सोड" आणि भाऊजींची कुरकुर, या तिन्हींच्या तालावर माझी मशीन कित्येक वर्षं चालते आहे. नेमबाजांची जाड जाकिटं मीच शिवते. त्यामुळे कोणाचं पोट किती सुटलं हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं.

भाऊजी बोलत होते ते चष्मेवाल्यांबद्दल. चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि दुकान वाढवलं की ते सरळ हॉलवर येतात. त्या संध्याकाळी त्यांनी पहिलाच छर्रा मारला आणि 'टप' यायच्या जागी 'थप' असा आवाज आला, ओल्या गादीवर हात मारल्यासारखा. समोरच्या कागदावर भोक नाही. म्हणजे छर्रा नळीतच राहिला होता.

मी मशीन थांबवली आणि मधल्या दारात जाऊन उभी राहिले. चष्मेवाले शिकवल्याप्रमाणे वागले होते. रायफलीचं तोंड समोरच ठेवून, बोट चापावरून काढून त्यांनी मोकळा हात वर केला होता.

"बाई, अडकलाय."

"हलू नका," ताई म्हणाली. "मी येते."

हॉलमध्ये आम्हा घरच्यांशिवाय आणखी कोणी नव्हतं. भाऊजी खुर्चीत, गालावर रुमाल दाबून. सकाळीच दाढ काढून आले होते, तरी अर्ध्या तोंडाने का होईना, बोलायचं राहिलं नव्हतं. माझी भाची रायफलींच्या कपाटाशी. आणि मी दारात, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या की बोलावं लागत नाही, ही सोय मी धंद्यात पडल्यापासून वापरते आहे.

आम्ही सगळे एवढे गंभीर का झालो हे सांगायला हवं. ताईच्या हॉलचा एक नियम आहे. संध्याकाळी रायफल कपाटात जाते ती नळी रिकामी आहे हे पाहूनच. ज्याने रिकामी न करता ठेवली त्याचं हॉलमध्ये येणं बंद, कायमचं. माफी मागायची नाही, कारण सांगायचं नाही. कारण सकाळी त्याच रायफली शाळकरी मुलांच्या हातात जातात. मुलं ती, रायफल हातात आली की आधी मित्राकडे रोखतात आणि मग बाईंकडे बघतात. या नियमाखाली ताईने पोहण्याच्या मास्तरांना काढलं होतं, आपल्या जिवलग मैत्रिणीच्या मुलाला काढलं होतं. मैत्रीण अजून बोलत नाही.

त्या दिवशी मुलं सहलीला गेली होती, म्हणून सकाळची तुकडी झाली नव्हती. ती रायफल आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच कपाटातून निघाली होती. म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर चष्मेवाल्यांनी आत्ता काहीतरी घोळ घातला होता, नाही तर आदल्या संध्याकाळी कोणीतरी नळीत काही ठेवून कपाट बंद केलं होतं. आणि तसं असेल तर आज कोणीतरी हॉलबाहेर जाणार होतं.

"एकावर एक मारले असणार," भाऊजी रुमालाआडून म्हणाले. "पहिला अडकला, तर दुसऱ्याने ढकलू म्हटलं असेल. घाई. दुकानातही गिऱ्हाइकाला तसंच करतात. मला दूरचा नंबर काढून दिला आणि जवळून पेपर वाचायला बसवलं."

"तुम्ही चष्मा उलटा घातला होता," चष्मेवाले म्हणाले.

"बघ, पुन्हा माझ्यावरच."

"मी एकच मारला, बाई. आवाज वेगळा आला आणि थांबलो."

"एक की दोन ते नळीच सांगेल," ताई म्हणाली. "आत दुसरा छर्रा घालून उडवून बघू असं कोणाच्या मनात असेल तर त्याने हात पाठीमागे बांधून बसावं."

तिने रायफल त्यांच्या हातून घेतली, तोंड समोरच्या लोखंडी पेटीकडेच ठेवून. छर्रे अडवायला ती पेटी भिंतीशी असते. सेफ्टी लावली. रायफल टेबलावर वाळूच्या उशीवर आडवी ठेवली आणि नुसता तळहात तिच्यावर ठेवून उभी राहिली, आजारी जनावराजवळ राहावं तशी.

"चष्मे घाला सगळ्यांनी. ज्याला आहे त्याचा आहेच."

मी शिलाईचा चष्मा नाकावर चढवला. पण बघत होते ती भाऊजींकडे.

माझा संशय भाऊजींवर होता. सांगायलाच हवं. चष्मेवाल्यांचं आणि त्यांचं पटत नाही, त्याचं खरं कारण पेपर नाही. चष्मेवाले विनोद सांगतात आणि ताई हसते, मोठ्याने, मान मागे टाकून. भाऊजींच्या विनोदावर ती फक्त "हं" म्हणते. एवढ्या वर्षांच्या संसारात माणसाला 'हं' पुरत नाही. तेवढ्यावर मी संशय घेतला नसता, पण गेले काही आठवडे मी एक पाहिलं होतं. सकाळी हॉल उघडायच्या आधी, मी माझ्या खोलीचं दार उघडते तेव्हा, पलीकडे कपाट उघडलेलं असतं आणि भाऊजी एकेक रायफल काढून तिची नळी वाकवून आत डोकावत असतात. एकदा मी खोकले तर भाऊजी केवढ्याने दचकले.

"धूळ पुसतोय," म्हणाले.

हातात फडकं नव्हतं.

भाचीचंही काही कळत नव्हतं. ती आणि भाऊजी कोपऱ्यात कुजबुजायचे आणि मी गेले की तिथे हवापाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. "मावशी, आज उकडतंय ना?" थंडीच्या दिवसांत. मला वाटलं, दोघांनी हॉल बंद करायचा घाट घातलाय. चष्मेवाल्यांना खोटं पाडायचं, मग भांडण काढायचं, मग ताईला म्हणायचं बस आता, पुरे झालं.

आणि ताई आम्हा सगळ्यांवरच संशय घ्यायला लागली होती. "किल्ल्या कोणीतरी जागेवरून हलवतं." "माझी कात्री तू नेलीस." मी नेलेली नसायची. परवा तर तिने विचारलं, "पोरांची जाकिटं कधी देतेस?" मी म्हटलं, "शनिवारी." चहा ओतेपर्यंत पुन्हा विचारलं, "पोरांची जाकिटं कधी देतेस?" मी म्हटलं, "शनिवारी," आणि साखरेचा डबा शोधायला लागले. डबा समोरच होता.

"नळी धर," ताईने भाचीला सांगितलं.

ही रायफल मधून वाकते. नळी खाली वाकवली की मागचं तोंड उघडं पडतं, तिथे छर्रा बसवायचा. पूर्ण वाकवली तर आतली स्प्रिंग चढते, आणि चढलेली स्प्रिंग सुटली की नळी फाटकन वर येते. बोट मध्ये असेल तर ते गेलंच.

"पुरती वाकवू नकोस. फट दिसण्यापुरती. आणि हळू, आत हवा कोंडलेली असेल."

भाचीने नळीवर दोन्ही हात ठेवून हळूहळू दाबलं. 'फुस्स' करून हवा सुटली. चष्मेवाले अर्धं पाऊल मागे सरले. भाऊजींनी रुमाल बाजूला करून पाहिलं आणि पुन्हा दाबला.

"आता अशीच दाबून ठेव. मी सांगितल्याशिवाय सोडायची नाही. शिंक आली तरी नाही."

"नाही येणार."

"शिंक तुला विचारून येते का?"

भाची हसली नाही. तिचे हात पांढरे पडले होते, आणि तेवढा जोर लागत नाही हे मला माहीत होतं.

ताईने भिंतीवरची पितळी सळई काढली. तिच्या हॉलमध्ये लोखंडी सळई नाहीच. लोखंडाने नळीतल्या पिळाच्या खाचांवर ओरखडे जातात, मग ती रायफल जन्मभर तिरकी मारते. सळईच्या टोकाला तिने जरासं तेल लावलं आणि जास्तीचं फडक्याने टिपून घेतलं. "तेल मागे स्प्रिंगच्या घरात गेलं तर पुढच्या बाराला आत पेटतं," ती चष्मेवाल्यांना म्हणाली. प्रसंग कसलाही असो, ताईला शिकवल्याशिवाय राहवत नाही. नळीच्या तोंडासमोर न येता, बाजूला उभी राहून तिने सळई आत सरकवली. सळई बरीच आत गेली आणि थांबली.

"इथे आहे."

"ठोकू का?" चष्मेवाल्यांनी विचारलं. टेबलावर लाकडी हातोडी होती.

"ठोकलं की शिसं पसरतं आणि आणखी घट्ट बसतं. रेटायचं. सारखं, एका जोराने." तिने तळहातावर फडक्याची घडी ठेवली, सळईचं टोक त्यात घेतलं आणि रेटा दिला. तिचे हात बघत राहावेत असे आहेत. वय झालंय, शिरा वर आल्यात, पण कामाला लागले की एवढासुद्धा कंप नाही. कुठली गोष्ट कशानंतर, हे त्या हातांना कोणी सांगावं लागत नाही.

फटीतून एक छर्रा टपकन टेबलावर पडला. त्याचा मागचा घेर चेपला होता.

"हा माझा," चष्मेवाले म्हणाले.

"हा एक," भाऊजी म्हणाले. "दुसरा येतोय बघा मागून."

सळई पुन्हा अडली. ताईने परत रेटा दिला. यावेळी पडलं ते वाजलं नाही. वाटाण्याएवढं, तपकिरी, मऊ काहीतरी. मग तसंच आणखी एक. मग आणखी. एकमेकांना चिकटून, तेलाने काळपट झालेले फेल्टचे गोल तुकडे. शेवटी सळई सरळ आरपार गेली आणि तिचं टोक फटीत दिसलं.

माझ्या तोंडातली एक टाचणी खाली पडली, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

हे तुकडे आमच्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचे होते. ताई रोज हॉल बंद करताना प्रत्येक नळीत एक फेल्टचा तुकडा घालते, त्याच्यामागे एक छर्रा घालते आणि पेटीत मारते. छर्रा तुकड्याला पुढे लोटत नेतो आणि नळी आतून पुसली जाते. बाजारात तयार मिळतात, पण ताईला ते पटत नाहीत. ती स्वतः पाडते, पट्ट्याला भोकं पाडायच्या पंचने, भाऊजींच्या जुन्या फेल्टच्या टोपीतून. टोपीची पार चाळण झाली आहे. भाऊजी म्हणतात, ही बाई माझ्या पश्चात माझ्या कोटाचंही हेच करणार. हे काम ताई दुसऱ्या कोणाला करू देत नाही. भाचीलाही नाही. तुकडा तिरका बसला तर नळी खराब होते म्हणते.

इथे कोणीतरी एक तुकडा घातला होता आणि छर्रा मारायचा राहिला होता. मग पुन्हा तुकडा घातला होता. मग पुन्हा. आणि छर्रा न मारताच रायफल कपाटात गेली होती.

चष्मेवाले सुटले होते. पण त्यांनी 'बघा, मी म्हणत नव्हतो' असं म्हटलं नाही. खिशातून पुसायचं कापड काढून ते आपला स्वच्छ चष्मा पुसायला लागले.

"हे कोणाचं काम?" ताईने विचारलं.

तिने खरंच विचारलं. मी तिचा चेहरा लहानपणापासून वाचते आहे. खोटं बोलताना तिची डावी भुवई जरा वर जाते. भुवई जागेवर होती. ती एकेकाकडे बघत होती आणि उत्तराची वाट पाहत होती. तेव्हा भाऊजींवरचा माझा सगळा संशय त्या टेबलावर त्या तुकड्यांशेजारी येऊन पडला आणि आता त्याचं काय करायचं ते मला कळेना.

"असेल काहीतरी," मी टाचण्या हातात घेत म्हटलं. "निघालं ना, मोकळं करा आता. चहा टाकू?"

"रायफलीत तुकडे आपोआप जात नाहीत. काल कपाट कोणी बंद केलं?"

भाऊजी एकदम म्हणाले, "त्या फेल्टमध्येच खोट असेल. टोपी जुनी झाली. फुगते दमट हवेत."

"टोपी फुगली म्हणून तीन तुकडे झाले?"

"उंदीर," भाऊजी म्हणाले, आणि आपलंच त्यांना पटेना, म्हणून रुमाल वर घेतला.

"बाई," चष्मेवाले चष्मा पुसतच म्हणाले, "माझ्याच हातून झालं समजा. मी काही दिवस नाही येत."

"तुमचा एक छर्रा होता आणि एकच निघाला. तुम्ही खरं बोललात, आता खोटं का बोलता?" ताईचा आवाज चढला नाही. तिचा कधीच चढत नाही. तिने भाचीकडे पाहिलं. "काल मी तुला म्हटलं होतं, मी कंटाळलेय, तू बंद कर. म्हटलं होतं ना?"

भाची अजून नळी दाबूनच उभी होती. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गळ्यातल्या टेपची गुंडाळी करत होते, गरज नसतानाही. आदल्या संध्याकाळी भाची हॉलवर नव्हतीच. माझ्या खोलीत बसून तिने जाकिटांना बटणं लावली होती, आणि पलीकडून ताईचा एकटीचाच आवाज येत होता, रायफलींशी बोलल्यासारखा.

"हो, आई," भाची म्हणाली. "म्हटलं होतंस."

"आणि तुकडे तू घातलेस?"

"घातले असतील."

"असतील काय? घातलेस की नाही?"

"घातले. माझं लक्ष नव्हतं."

ताईने मान हलवली. तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण त्या वाईटाच्या आड तिचा चेहरा सैल झाला. खूप दिवस हरवलेली एखादी वस्तू सापडावी तसा. किल्ल्या, कात्री, तुकडे, सगळ्याचा जाब तिला एकदम मिळाला होता.

"नळी सोड आता. हळू."

भाचीने नळी सोडली. बोटांवर वळ उठले होते.

"किल्ली ठेव इथे."

"ताई, अगं पोरीला..." मी म्हटलं.

"तू मध्ये पडू नकोस. मास्तरांना काढलं तेव्हा तू बोलली नाहीस. परक्यांना एक आणि घरच्यांना एक, असं मला करता येणार नाही. उद्या मुलं येणार आहेत." तिने भाचीपुढे हात धरला. "तू फार चांगली शिकवतेस. पण इथे नाही."

भाचीने खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. रडली नाही. मला वाटतं तिने हे कधीचंच ठरवून ठेवलं होतं, की असं काही झालं तर आपण पुढे व्हायचं. ती नसली तर उद्या मुलांमागे ताई एकटीच उभी राहणार होती. हे माझ्या लक्षात आलं, चष्मेवाल्यांच्या आलं, आणि आम्ही दोघंही जमिनीकडे बघत राहिलो.

"तिने नाही केलं," भाऊजी म्हणाले.

"मग तुम्ही?" ताई त्यांच्याकडे वळली. "सकाळी सकाळी कपाट उघडता ते मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी विचारलं नाही एवढंच. काय करता तिथे?"

"बघतो."

"काय बघता?"

भाऊजींनी रुमाल गालावरून काढला आणि मांडीवर ठेवला. गाल सुजून एका बाजूला चेहरा मुलासारखा दिसत होता. त्यांनी भाचीकडे पाहिलं. ती "बाबा, नको," म्हणाली, अगदी हळू.

"नळ्या रिकाम्या आहेत का ते बघतो. रोज. आज दाढेच्या भानगडीत राहिलं. मागच्या महिन्यात एकीत छर्रा होता. खराखुरा, भरलेला. मुलं दारात चपला काढत होती. मी तो पेटीत मारला आणि तुला म्हटलं, सहज मारून बघितला. तू हसलीस. म्हणालीस, या वयात शौक."

"कोणाची होती ती रायफल?"

"तुझी."

ताईचा हात टेबलावरच्या किल्लीवर होता.

भाऊजी उठले. तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, पण तिला हात लावला नाही.

"तूच टाकलेस ते तुकडे. तेव्हाचा छर्राही तूच. तू विसरायला लागली आहेस गं, आणि आम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे."